पायाखालची वीरगळ

मी देवखडकीच्या बारवेजवळचा फलक बोलतोय. बोलतोय खरा, पण मान वर करून नाही. सध्या मी बारवेच्या कट्ट्याला टेकून, तोंड दगडाकडे करून उभा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी गंजलेली पाठ तेवढी दिसते. माझी काही तक्रार नाही. तोंड दाखवण्यासारखं मी काही केलेलं नाही.

परभणीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. लोखंडी अँगलचे दोन पाय, वर सहा फुटांचा पत्रा, पत्र्यावर निळा रंग. बन्सीधर पेंटरने दोन दिवस बसून माझ्यावर पांढरी अक्षरं काढली. एरवी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. माझी शेवटची वेलांटी ओढून झाल्यावर त्याने ब्रश पुसला आणि म्हणाला, "नशीबवान हायस गड्या. दुकानाची पाटी मालक बदलला की बदलती. तू शेकडो वर्सांच्या बारवंजवळ ऱ्हाणार."

माझ्यावर लिहिलं होतं : 'देवखडकी. पर्यटकांनी आवर्जून पाहावी अशी स्थळे.' खाली तीन ओळी. पहिली, प्राचीन पायऱ्यांची बारव. दुसरी, घोडेस्वाराची कोरीव वीरगळ, बारवेच्या उत्तरेस कडुलिंबाखाली. तिसरी, डोंगरावरचे पळसबन, फाल्गुनात अवश्य पाहावे. आणि सगळ्यात खाली पिवळ्या रंगात : 'आपला वारसा, आपली जबाबदारी.'

ती पिवळी ओळ अंगावर घेऊन मी टेम्पोत चढलो तेव्हा मला केवढा अभिमान होता! गंगाखेड मागे पडलं. राणीसावरगावच्या बाजूला डोंगर सुरू झाले, आणि मी पोत्यात गुंडाळलेला असूनही ताठ व्हायला लागलो. अंगावर काय लिहिलंय यावरूनच आपण कोण ते ठरतं, असं मला तेव्हा वाटायचं.

मार्च महिना सरत आला होता. योजनेची मुदत महिनाअखेरपर्यंत, म्हणून सगळीकडे घाई उडालेली. माझं काम व्यंकटराव नावाच्या ठेकेदाराकडे होतं, आणि त्याने ते बजरंगवर सोपवलं होतं.

बजरंग देवखडकीचाच. वय असेल चोवीस. आई-बाप दरसाल दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. लहानपणची सहा वर्षं त्याचीही उसाच्या फडात गेली होती. आपण कोयता धरायचा नाही, असं ठरवून तो गंगाखेडला गवंडीकाम शिकला. मी म्हणजे त्याचं स्वतःच्या हिमतीवरचं पहिलं काम. त्या दिवशी त्याने नवा सदरा घातला होता, आणि बाहेरगावचे दोन मजूर हाताखाली घेतले होते. गाव जवळजवळ रिकामंच होतं. अर्धी माणसं फडावर, अर्धी ज्वारीच्या काढणीला.

खड्डे खणून झाले. सिमेंट आलं, वाळू आली, पण पाया भरायचे दगड घेऊन येणारा ट्रॅक्टर काही आला नाही. ऊन कलायला लागलं. व्यंकटराव फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. शेवटी तो बजरंगवर डाफरला, "अरे, दगडाची वाट काय बघायलास? समदीकडं दगडंच तर पडल्यात."

बजरंगने आजूबाजूचे धोंडे गोळा केले. ते एका खड्ड्याला पुरले. दुसरा अर्धा राहिला.

"तो बघ की तिथं, लिंबाखाली. एक फोडला तर दोन खड्डे भरतेल."

कडुलिंबाखाली कमरेएवढी एक कोरीव शिळा जमिनीत थोडी रुतून, थोडी कलून उभी होती. तिच्यावर शेंदराचे थर होते. मधूनमधून घोड्याची मान आणि एक तलवार दिसत होती.

बजरंग म्हणाला, "मालक, तो घोडेबा हाय. माझी माय त्याला पाणी घालती."

"आज हाय का तुझी माय हितं?"

"न्हाई. फडावर हाय."

"मग? सांजच्या आत फोटो पाठवायचाय मला. तुला जमत नसंल तर तसं सांग. पुढची चार कामं दुसऱ्याला देतो."

मजूर त्याच्या तोंडाकडे बघत होते. बजरंगने घण उचलला. पहिला घाव चुकला. चुकला की चुकवला, त्याचं त्यालाच माहीत. दुसऱ्याने शेंदूर उडाला. तिसऱ्याला शिळा आडवी फुटली. त्यानंतर तो थांबला नाही. थांबला असता तर पुढचा घाव त्याच्या हातून झाला नसता. तुकडे आणून त्याने खड्ड्यात टाकले, सगळ्यात मोठा तुकडा पालथा घातला, आणि त्यावर माझा डावा पाय रोवला.

सिमेंट ओतलं गेलं. मग फोटोसाठी त्याने माझ्या अंगावरचं पोतं ओढून काढलं आणि माझ्यावरची अक्षरं वाचायला लागला. आठवीपर्यंत शिकलेला होता तो. पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीवर त्याचे ओठ थांबले.

"मालक," तो म्हणाला, "ह्याच्यावर तर हाच दगड बघायला या म्हनून लिवलंय."

व्यंकटराव फोटो काढत होता. तो म्हणाला, "तू सरक जरा बाजूला. अक्षरं झाकायलास."

व्यंकटरावने ती अक्षरं वाचली नव्हती. त्यानंतरही बहुतेक कुणी वाचली नाहीत. बजरंगने वाचली, आणि मी तर ती अंगावर घेऊनच उभा होतो. खाली घोडेबा, वर 'आपली जबाबदारी.' मी लोखंडाचा होतो. मला पाय होते, पण निघून जाता येत नव्हतं. तरी त्या संध्याकाळपासून मी स्वतःला 'माझा काय दोष?' असं कधी म्हणू शकलो नाही.

चैत्रात फडावरची माणसं परत आली. बजरंगची आई झुंबरबाई दुसऱ्याच दिवशी तांब्या घेऊन बारवेत उतरली. बारीक चणीची, भराभर चालणारी बाई. पाणी घेऊन वर आली, कडुलिंबाखाली गेली, आणि तिथला रिकामा खळगा बघून तांब्या तसाच हातात धरून उभी राहिली. तिने झाडाला एक फेरी घातली. मग बारवेला फेरी घातली. झुडपं हातांनी बाजूला करून बघितली.

दुपारी ती बजरंगला घेऊन आली.

"बजरंगा, तू व्हतास की गावात. कुनी नेला रे घोडेबा?"

बजरंगने माझ्याकडे बघितलं नाही. तिच्याकडेही नाही. "मला काय म्हाईत माय. चोरीला गेला आसंल. जुनी दगडं इकत्यात म्हनं लोकं."

झुंबरबाई माझ्या डाव्या पायाला पाठ लावून खाली बसली. "चोरीला न्हाई. त्यो रुसून गेला. औंदा टोळीचा ट्रक पहाटंच आला. म्या पाया न पडता ट्रकात बसले. वाटंनं वाटलं व्हतं मला, चुकलं म्हनून. पर मुकादमाला थांब म्हनायचं धाडस झालं न्हाई."

"आसं काय नसतंय, माय."

"आसतंय," ती म्हणाली. तिने पायांतल्या चपला काढल्या आणि बाजूला ठेवल्या. "त्यो परत येईपतूर म्या पायतान घालनार न्हाई."

ज्याच्यासाठी ती रडत होती, तो तिच्यापासून दोन हात खाली होता. बजरंगला ते ठाऊक होतं. त्याने चपला उचलल्या, सदऱ्याच्या टोकाने पुसल्या, आणि पुन्हा तिथेच ठेवल्या.

पुढची वर्षं कशी गेली सांगू? बारवेला पर्यटक यायला लागले. कुणी मोटारसायकलींवरून यायचे, कुणी आयुष्यभराची नोकरी संपवून आता देश बघायला निघालेले असायचे, कुणी लग्न ठरल्यावर फोटो काढायला यायचे. नवरी मुलगी पायऱ्यांवर ओढणी उडवायची आणि नवरामुलगा सूर्य जागेवर यायची वाट बघायचा. येणारा प्रत्येक जण माझ्याशेजारी उभा राहून एक फोटो घ्यायचाच. माणसांची ही सवय मला कधी उलगडली नाही. पाटीबरोबर फोटो काढायचा, पण पाटी वाचायची नाही. क्वचित कुणी विचारायचं, "इथली वीरगळ कुठंय हो?" शेरडं राखणारा सिताराम म्हातारा हात उडवून म्हणायचा, "गेली चोरीला." त्यावर पाहुणा हळहळायचा आणि डोंगरावरचे पळस बघायला निघून जायचा. फाल्गुनात तो डोंगर खरोखरच बघण्यासारखा असतो. पहिली आणि तिसरी, एवढ्याच ओळी आता माझ्या अंगावर खऱ्या होत्या.

एकदा कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलामोठा कागद माझ्यावर चिकटवला. दोन महिने मी झाकलेला होतो. फार बरं वाटलं.

झुंबरबाई मात्र अनवाणीच राहिली. उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर मऊ व्हायचं तेव्हाही, आणि हिवाळ्यात फडावरही. तोडलेल्या उसाची धसकटं सुरीसारखी असतात म्हणे. मी फड पाहिलेला नाही, पण परत आल्यावर ती माझ्या पायाशी बसून टाचांतल्या कुसळ्या काढायची, ते पाहिलंय. बजरंग तोवर चांगला गवंडी झाला होता. दर दिवाळीला तिच्यासाठी नव्या चपला आणायचा. ती त्यांना हात लावायची आणि म्हणायची, "ठिव. त्यो आला की घालते." घरात चपलांचे सात जोड झाले होते, असं सिताराम कुणाला तरी सांगताना मी ऐकलं.

गेल्या वर्षी धसकट खोल घुसलं. जखम भरेना. तिला साखरेचा आजार होता, आणि तो कुणालाच माहीत नव्हता. दवाखान्यात तिचं एक बोट काढावं लागलं. त्यानंतर ती फडावर गेली नाही. पायाला फडकं बांधून, काठी टेकत बारवेपर्यंत यायची, खळग्याजवळ पाणी ओतायची आणि माझ्या सावलीत बसायची. संध्याकाळी बजरंग मोटारसायकल घेऊन यायचा, तिला उचलून मागे बसवायचा. पहिल्या दिवशी त्याने तिला उचललं आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदाच. मलाच ते पाहवलं नाही.

मग यंदा, पौष महिन्यात, महेश्वरीताई आल्या.

त्या पाथरीच्या शाळेत शिक्षिका. सुट्टी मिळाली की स्कूटर काढायची, गावोगावच्या वीरगळी बघायच्या आणि वहीत नोंदवायच्या, हा त्यांचा छंद. त्यांनी स्कूटर लावली, चष्मा काढून पुसला, आणि माझ्यासमोर उभं राहून मला वरपासून खालपर्यंत वाचलं. पिवळ्या ओळीपर्यंत. असं आजवर कुणीच केलं नव्हतं. मला वाटलं, आता पत्रा फाटून खाली पडावं.

"मावशी," त्यांनी झुंबरबाईला विचारलं, "ही वीरगळ कुठे असते?"

"न्हाई आता. माझ्यावर रुसून गेली."

महेश्वरीताई हसल्या नाहीत. तिच्याजवळ खाली बसल्या, सगळं ऐकून घेतलं. मग वहीतून एका जुन्या फोटोची प्रत काढून तिच्या मांडीवर ठेवली. "हीच का?"

झुंबरबाईने कागद दोन्ही हातांनी उचलला. "ह्योच! ह्योच घोडेबा!"

"हे बघा मावशी. खाली हा वीर घोड्यावरून लढतोय. मधे त्याला अप्सरा वर नेतात. आणि सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलाय. गावासाठी लढून मेला असणार, म्हणून गावाने दगड उभा केला."

"गावासाठी मेला व्हय," झुंबरबाई पुटपुटली. "आन् गावाला ठावच न्हाई."

तेवढ्यात बजरंग आला. मोटारसायकल उभी करून तो आईकडे आला आणि तिच्या हातातला कागद पाहून दोन पावलं अलीकडेच थांबला.

झुंबरबाई कौतुकाने म्हणाली, "ह्यो माझा लेक. गवंडी हाय. ह्यो बोर्ड ह्यानंच हुबा केलाय बाई. पयलं काम त्याचं. लय मजबूत हाय, आठ वर्सं झाली, हालला न्हाई."

आईच्या तोंडची शाबासकी कुणाला एवढी लागलेली मी पाहिली नाही. बजरंग तिच्यासमोर मातीत बसला.

"माय, घोडेबा कुठं गेला न्हाई. हितंच हाय."

"कुठं?"

"ह्याच्या खाली." त्याने माझ्या डाव्या पायावर हात ठेवला. "पायाला दगड कमी पडला व्हता. म्या फोडला. माझ्या हातानं."



झुंबरबाईने विचारलं, "म्हंजी म्या पाया न पडता गेले, म्हनून त्यो गेला न्हाई?"

"न्हाई माय. तू गेल्यावर चार म्हैनं त्यो हितंच व्हता."

"माझी काय चूक नव्हती?"

"न्हाई."

ती आपल्या फडक्यातल्या पायाकडे बघत राहिली. ती ओरडेल, काठी उगारेल, असं मला वाटलं होतं. ती अगदी हळू बोलली.

"बोट काढलं त्या दिवशी तू माझा पाय धरून बसला व्हतास. तवा तरी बोलायचं, बजरंगा."

बजरंगने तोंड झाकून घेतलं. महेश्वरीताई उठून बारवेच्या कडेला गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बजरंग पहार आणि छिन्नी घेऊन आला. त्याने आदल्या संध्याकाळी पारावर जाऊन सगळ्यांसमोर स्वतःच सांगितलं होतं, त्यामुळे गाव जमलेलं होतं. काही जण शिव्या देत होते, काही मोबाइलवर चित्रण करत होते. कुणीतरी म्हणालं, "त्या ठेकेदाराचं नाव घे की रं. त्यानं सांगितलं म्हनून केलंस."

"त्यानं सांगितलं," बजरंग म्हणाला, "पर घण माझ्या हातात व्हता."

त्याने माझा पाया फोडायला सुरुवात केली. पहारीचा प्रत्येक घाव माझ्या अंगातून वरपर्यंत जात होता, आणि मला तो हवा होता. दुपारपर्यंत मी कलंडलो. चौघांनी मला उचलून कट्ट्याला लावलं, तोंड आत करून.

खालून सात तुकडे निघाले. महेश्वरीताई ते एकेक करून पोत्यावर मांडत होत्या. पिंड शाबूत होती. घोड्याचे पुढचे पाय होते. वीराचा चेहरा मात्र गेला होता. तिथे नुसता खरखरीत दगड. बजरंग सिमेंट कालवायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला अडवलं. "सिमेंट नको, दादा. घाईने केलेल्या कामाने एकदा फुटलीय. जाणकार माणसाला दाखवू, मग जोडू. तोवर बारवेच्या कोनाड्यात ठेवू."

झुंबरबाईने तुकडे स्वतः धुतले. बजरंग जवळ आला की ती हात आडवा करायची. सगळे धुऊन झाल्यावर तिने पिंडीचा मोठा तुकडा उचलायचा प्रयत्न केला. तो हलेना. तिने पुन्हा केला. मग मान वर न करता म्हणाली, "धर. जड हाय. माझ्या एकटीच्यानं उचलत न्हाई."

मायलेक तो तुकडा घेऊन बारवेच्या पायऱ्या उतरले. ती अनवाणीच होती. एका पायरीवर ती थांबली, तो थांबला. ती निघाली, तो निघाला. गाव वरून बघत होतं.

मागच्या आठवड्यात माझ्या शेजारीच, बारवेच्या कट्ट्यावर, गावाची बैठक बसली. प्रश्न माझा होता. मला परत उभं करायचं की भंगारात घालायचं? आणि उभं केलं तर दुसऱ्या ओळीचं काय करायचं? कुणी म्हणालं, ती ओळ खोडून टाका, गावाची बदनामी नको. कुणी म्हणालं, नुसतं 'भग्न वीरगळ' लिहा. कधी फुटली ते कोण विचारतंय? बजरंग उभा राहिला. "माझं नाव ल्ह्या. बजरंग गवंड्यानं फोडली, आसं सरळ ल्ह्या."

झुंबरबाई काठी टेकून उठली. अजूनही ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

"नाव नगं," ती म्हणाली. "एकाचं नाव लिवलं की बाकीचे मोकळे व्हत्यात. आठ वर्सं दगुड दिसत नव्हता, कुनी शोधला? चोरीला गेला म्हनलं की आपलं काम संपलं. ल्ह्या की, ह्यो बोर्ड लावताना आमी फोडली. आमी म्हना."

बैठक काही न ठरवता उठली. पण सिताराम म्हातारा मागे राहिला. त्याने मला हळूच वळवून माझं तोंड पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, एकेक अक्षर लावत, मला वाचायला बसला. वाचून झाल्यावर त्याने मला पुन्हा होतं तसं, तोंड आत करून टेकवलं.

लोकहो, मला भंगारात घालायचं ठरलं तर खुशाल घाला. त्याला मी लायक आहे. पण उभं करणार असाल तर झुंबरबाई म्हणाली तसंच लिहा, मोठ्या अक्षरांत, सगळ्यात वर. तुम्ही देश बघायला निघालेली माणसं. तुम्हाला बारव दाखवीन, फाल्गुनातला डोंगर दाखवीन. पण आधी मला माझी लाज दाखवू द्या. ती वाचूनच पुढे जा.

पाया भरायला या वेळी दगड लांबून आणा. कितीही दिवस लागू देत. मी असाच टेकून वाट बघीन.